लाल पट्टी, हिरवी पट्टी

कॅज्युअल्टीतून फोन आला तेव्हा मी नाइटला होते. "सिस्टर, एक वॉर्मर मोकळा आहे का? बेबी पाठवतोय. म्हणजे... दोन आहेत," एवढं म्हणून पलीकडचा डॉक्टर थांबला. दहा मिनिटांत वॉर्डबॉय मामा ट्रॉली ढकलत आले. मागे मुलींचा बाप, खांद्याला पिशवी, हातात रेफरची चिठ्ठी. मी दुपटं उलगडलं. सहा दिवसांच्या दोन मुली, तोंडं समोरासमोर, छातीच्या खालच्या टोकापासून बेंबीपर्यंत एकमेकींना जोडलेल्या. एकीचा अंगठा दुसरीच्या तोंडात होता आणि ती तो मन लावून चोखत होती.

ट्रॉलीबरोबर केस पेपर मात्र एकच आला होता. मी खाली फोन लावून दुसरा मागितला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "पेशंट एकच आलाय ना सिस्टर?" मी म्हटलं, "दोन आलेत. दोन नाड्या आहेत, दोन टेंपरेचर आहेत, मी लिहू कुठे?" तासाभराने दुसरा पेपर वर आला. त्या रात्री मला फक्त चार्ट भरायचा होता, त्यापलीकडे काही सुचत नव्हतं. पण पुढचे दहा महिने आम्ही नर्सेसनी जे केलं त्याची सुरुवात त्या दुसऱ्या कागदापासून झाली. सर्जननी मुलींना वेगळं करण्याआधी कितीतरी दिवस आम्ही त्यांना वेगळं धरून चाललो होतो. ते रोजच्या कामात किती अवघड जातं, ते मला सांगायचं आहे.

हॉस्पिटलचं आणि मुलींचं नाव लिहीत नाही. मुली आता शाळेत जातात आणि कुणी मुद्दाम बघायला यावं असं त्यांच्या आईला वाटत नाही. मुंबईतलं मोठं हॉस्पिटल, कोविडच्या आधीची गोष्ट, माणसं माणदेशातली, एवढं पुरे.

सकाळी इनचार्ज सिस्टरांनी ड्रॉवरमधून दोन रंगांची चिकटपट्टी काढली. एक लाल, एक हिरवी. मनगटाला, घोट्याला, नाकातून पोटात जाणाऱ्या दुधाच्या नळीला म्हणजे रायल्स ट्यूबला, सलाईनच्या नळीला, सिरिंज पंपाला, दुधाच्या वाटीला, रक्ताच्या बाटलीला, चार्टच्या कोपऱ्याला, सगळीकडे पट्टी. "डावीकडची, उजवीकडची असं कुणी म्हणायचं नाही," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. कारण मुली कुशीवर समोरासमोर झोपायच्या आणि दर दोन तासांनी आम्ही दोघींची कूस बदलायचो. कूस बदलली की डावीकडची उजवीकडे जायची. आठवड्याभरात मावशींपासून मोठ्या सरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'लाल' आणि 'हिरवी' हीच नावं बसली. आईला सुरुवातीला ते आवडलं नव्हतं.

दोघींचं मिळून वजन होतं 4 किलो 200 ग्रॅम. लालचं किती आणि हिरवीचं किती, हे सांगायला जगात कुठलाही काटा नव्हता. मुलांच्या औषधाचा प्रत्येक डोस वजनावर काढतात, थेंबाथेंबाचा हिशेब असतो. इथे एकूण वजनाचं अर्धं करायचं आणि त्यावर डोस बसवायचा, एवढंच हातात होतं. हिरवी डोळ्यांना लहान दिसायची. तिचे दंड बारीक होते, चेहरा लहान होता. पण 'दिसते' हे चार्टवर लिहिता येत नाही. आम्ही अर्धंच धरत राहिलो.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. ती इथे लिहिते, कारण आमच्या वॉर्डातले नंतरचे बरेचसे नियम त्या चुकीतून आले. मुलींना स्पंज देताना मी दोघींच्या नळ्यांवरच्या ओल्या झालेल्या पट्ट्या एकदम काढल्या आणि पुसून झाल्यावर नव्या लावल्या. अदलाबदल झाली. तोंडं इतकी जवळ की दोन्ही रायल्स ट्यूब एकमेकींवरून गेलेल्या असायच्या. मी हिरवीचं 30 मिली दूध दिलं आणि मग लालचं म्हणून जे दिलं तेही हिरवीच्याच पोटात गेलं. थोड्या वेळाने तिने भळाभळा ओकलं. ते सगळं समोर झोपलेल्या लालच्या नाकातोंडावर. मी सक्शन घेतलं, दोघींना थोडं तिरकं धरलं, डॉक्टरांना हाक मारली. लालला खोकला आला, मिनिटभर ती निळसर झाली, मग जोरात रडली. ते रडणं ऐकून मी खाली बसले.

मी स्वतःहून लिहून दिलं. इनचार्ज सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "आता हे पुन्हा कसं होणार नाही ते तूच सांग." त्या दुपारी आम्ही ठरवलं: दोघींच्या पट्ट्या एकाच वेळी कधीही काढायच्या नाहीत. एकीचं सगळं पूर्ण करायचं, मग दुसरीला हात लावायचा. प्रत्येक नळीला दोन पट्ट्या, एक टोकाला आणि एक बाळाच्या गालाजवळ. दूध किंवा औषध देण्याआधी नळीवरून बोट फिरवत बाळाच्या अंगापर्यंत जायचं आणि रंग मोठ्याने म्हणायचा. "लाल, लाल, लाल" असं म्हणत औषध देताना नवीन मुलींना आधी लाज वाटायची, पण त्यानंतर एकदाही अदलाबदल झाली नाही.

सर्वांत नाजूक जागा होती जोडाची. जिथे दोन पोटं एक व्हायची तिथे वर आणि खाली घडी पडायची. दूध, घाम, लाळ तिथे साचायची. चोवीस तास तिथलं कातडं ओलं राहिलं तर फाटतं, आणि उद्या सर्जनना हीच कातडी लागणार होती. बोटाला मऊ सुती कापड गुंडाळून, कोमट पाण्यात पिळून, त्या घडीतून एकदाच पुढे ओढायचं. पुन्हा मागे घासायचं नाही. मग कोरडं करून हवा लागू द्यायची. एका मावशीला ते माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. त्या म्हणायच्या, "लोण्यावरून फिरवल्यागत फिरवायचं बघा." तशीच खालच्या बाजूच्या कानाची काळजी. दोघींचा एकेक कान सारखा दाबला जायचा. आम्ही कापसाच्या चुंबळी करून त्यात कान अलगद सोडायचो.

आईचं वय बावीस. सिझरिंगचे टाके ओले असतानाच ती मुंबईला आली होती. दूध काढून द्यायची आणि आम्ही वाटीने पाजायचो, पण तिला पदराखाली घ्यायचं होतं. दोघींची तोंडं समोरासमोर असल्याने एक छातीशी आली की दुसरी मागून पाठीवर लोंबायची. आम्ही तीन उशा, दोन माणसं असं करून जमवलं. एक नर्स मागच्या बाळाला तोलून धरायची. अर्ध्या तासाने माझे हात भरून यायचे, पण हलता यायचं नाही. एकीचं पोट भरलं की दुसरी जागी व्हायची. ही भुकेली असताना ती झोपलेली, ही शी करताना ती हसणारी. दोघींचं जगणं एका वेळेला कधी चालत नव्हतं. शरीर जोडलेलं म्हणून भूकही जोडलेली असेल असं मला आधी वाटलं होतं.

बापाने एकदा सरांना विचारलं, असं आधी कुणाला झालंय का? सरांनी स्टूल ओढून नीट सांगितलं. एकच बीज दोन होताना उशीर झाला, जवळजवळ तेरा दिवसांच्या पुढे गेला, की ते पूर्ण सुटत नाही. पन्नास हजार ते लाख जन्मांत एखाद्या वेळी असं होतं आणि त्यात मुली जास्त असतात. यात आईचं काही चुकलं नाही, तिने ग्रहणात काही चिरलं म्हणून झालं नाही, हे सरांनी दोनदा सांगितलं. आजी शेजारीच बसली होती, तिने मान खाली घातली. मग त्यांनी चँग आणि एंग यांची गोष्ट सांगितली. 1811 मध्ये सयाममध्ये जन्मलेले हे जुळे भाऊ साधारण अशाच ठिकाणी जोडलेले होते. मोठे झाले, लग्नं केली, मुलंबाळं झाली. 1874 मध्ये एक आधी गेला आणि काही तासांनी दुसराही. नंतर पाहिलं तर दोघांची यकृतं जोडलेली होती. "आपल्या मुलींचंही लिव्हर जोडलेलं आहे," सर म्हणाले, "पण तेव्हा जे करता येत नव्हतं ते आज करता येतं." बापाने कुठेतरी फोनवर दिल्लीची बातमी पाहिली होती. 2017 मध्ये एम्समध्ये ओडिशातल्या डोक्याला डोकं जोडलेल्या दोन मुलग्यांना दोन टप्प्यांत वेगळं केलं, ती. "तेवढं अवघड नाही ना आपलं?" सर म्हणाले, "तेवढं नाही. पण सोपंही नाही."

मला मात्र 2003 आठवत होतं. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. इराणच्या लाले आणि लादान बिजानी, डोकी जोडलेल्या, 29 वर्षांच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या बहिणी, स्वतःहून ऑपरेशनला तयार झाल्या आणि सिंगापूरला टेबलावर दोघी गेल्या. होस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही मुली गप्प बसलो होतो. म्हणून आईने जेव्हा एका संध्याकाळी वाटी धुता धुता मला विचारलं, "सिस्टर, एक ऱ्हायली न्हाय तर?" तेव्हा मी तिला "असं बोलू नये" म्हटलं नाही. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, डॉक्टरांना हेच विचार, माझ्यासमोर विचार, आणि ते जे सांगतील ते मी तुला पुन्हा सावकाश सांगेन. तिने विचारलं. सरांनी खरं सांगितलं. दोघींची हृदयं वेगळी, पित्ताशयं वेगळी, पित्ताच्या नळ्या वेगळ्या, ही मोठी जमेची बाजू. लिव्हर कापताना रक्तस्राव, नंतर पोट बंद न होणं, इन्फेक्शन, हे धोके. दोघींपैकी एकीला निवडायची वेळ येईल असं दिसत नाही, पण शब्द देता येत नाही.

सीटीच्या वेळी मी सोबत होते. लालला झोपेचं औषध दिलं आणि थोड्या वेळाने हिरवीचीही मान कलायला लागली. लालच्या शिरेतून सोडलेला डाय, म्हणजे सीटीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून देतात ते औषध, हिरवीच्या अंगात उतरताना पडद्यावर दिसला. आम्ही रंग म्हणत म्हणत जे औषध अचूक एकीला देत होतो ते थोडंथोडं दुसरीलाही पोचत होतं. त्या दिवसापासून एकीला काहीही दिलं की दोघींवर मॉनिटर, हा नियम झाला.

बघ्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दुसऱ्या वॉर्डांतले नातेवाईक, ओळखीचे, अनोळखी, "जरा बघू द्या की" म्हणत दारात यायचे. एकजण नारळ घेऊन आला, देवीचा अवतार म्हणून. एका बाईने काचेतून व्हिडिओ काढला आणि तो संध्याकाळपर्यंत मुलींच्या गावात पोचला. आमच्या पेशातली माणसंही यायची, याचं मला जास्त वाईट वाटायचं. शिकायला आलेला विद्यार्थी वेगळा, तो परवानगी घेतो, आईशी बोलतो. दुपटं उचलून बघून जाणारा वेगळा. आम्ही कॉटभोवती पडदे लावले आणि पडद्याला पिन मारली. पुढे मुलींचं बारसं तिथेच, पडद्याआड केलं. पाळण्याखालून-वरून बाळ द्यायचं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," ते करता येईना. दोन बायकांना चार-चार हात लागले असते. आजीने मग दोघींना मांडीवर घेतलं, एका कानात एक नाव सांगितलं, वाकून दुसऱ्या कानात दुसरं.

अडीच महिन्यांनी त्यांना जवळच्या धर्मशाळेत सोडलं. सोशल वर्करने खोली मिळवून दिली होती. दर आठवड्याला ओपीडी, लसी, वजन. आठव्या महिन्यात त्या परत वॉर्डात आल्या तेव्हा बघत राहावं अशा झाल्या होत्या. हिरवी लालचे केस ओढायची. लाल हिरवीच्या तोंडातलं चोखणं काढून स्वतःच्या तोंडात घालायची. एकीला वळायचं असेल तर दुसरीला ढकलायची, आणि दुसरीने पाय टेकला तरच वळता यायचं.

जोड रुंद होता. सुटल्यावर पोट झाकायला कातडी कमी पडणार, म्हणून दोघींच्या कुशींत कातडीखाली सिलिकॉनचे फुगे बसवले. आठवड्यातून दोनदा त्यांत सलाईन भरायचं, कातडी हळूहळू ताणत न्यायची. सात आठवडे हे चाललं. माझं काम भरल्यानंतरच्या तासाभराचं. फुग्यावरची कातडी बोटाने दाबायची आणि सोडायची. पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी झाली तर ठीक. पांढरीच राहिली तर डॉक्टरांना बोलवायचं आणि थोडं सलाईन काढून घ्यायचं. सहाव्या आठवड्यात ती कातडी इतकी तुकतुकीत झाली होती की तिच्यातल्या शिरा मोजता आल्या असत्या. मुली मोठ्या, चुळबुळ्या, आणि झोपणार त्याच कुशीवर. आम्ही रात्रभर पाळीपाळीने हात खाली घालून बसायचो.

ऑपरेशनची तालीम दोनदा झाली. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, मावशींनी दोन कापडी बाहुल्या शिवून पोटाशी जोडल्या होत्या. भूल देणाऱ्या दोन टीम, सर्जनच्या दोन टीम, दोन मशिनं, दोन टेबलं. पहिल्याच तालमीत ओटीच्या सिस्टर म्हणाल्या, "तुमची हिरवी पट्टी मला दिसतच नाहीये." ओटीचं सगळं कापड हिरवं! आणि लाल पट्टी रक्तात दिसणार नाही. आठ-दहा महिने जपलेले दोन्ही रंग तिथे निकामी. कुणीतरी म्हणालं, निळा-पिवळा करू. इनचार्ज सिस्टर ठाम नाही म्हणाल्या. इतके महिने जिभेवर बसलेली नावं आदल्या आठवड्यात बदलली तर घाईत चुकीचंच नाव तोंडातून येणार. शेवटी आधी रुंद पांढरी पट्टी, तिच्यावर मधोमध रंग, आणि रंगावर जाड मार्करने 'ला' आणि 'हि'. दुसऱ्या तालमीत आणखी एक कळलं. डोकी जवळजवळ असल्याने नळ्यांची वेणी पडत होती, आणि हिरवीची बाहुली दुसऱ्या टेबलावर न्यायला उचलली की लालची नळी ओढली जायची. मग हिरवीच्या सगळ्या नळ्या सुरुवातीपासून तिच्या पाठीमागून न्यायचं ठरलं.

त्या दिवशी पहाटे पाच वाजता मी मुलींना शेवटची एकत्र आंघोळ घातली. आईने दोघींचा एकच मुका घेतला, दोन गालांच्या मध्ये. मी हिरवीबरोबर आत जाणार होते, तिला दुसऱ्या टेबलावर घेणाऱ्या टीममध्ये. ओटी इतकी गरम ठेवली होती की गाऊनच्या आत पाठ भिजली. लहान बाळ उघड्या पोटाने तासन्‌तास पडलं की गार पडतं. भिंतीवरच्या फळ्यावर मॉप काउंटचे, म्हणजे रक्त टिपायच्या कापडांच्या मोजणीचे, दोन रकाने होते. सुटण्याच्या आधी सगळा काउंट एकदा जुळवायचा, मग रकाने वेगळे.

लिव्हरवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मोठ्या शिरा कुठून जातात ते बघत बघत सर मधली रेष सोडवत गेले. घाई नाही, आवाज नाही. काउंट जुळला. मग सर म्हणाले, "हिरवी घ्या." आम्ही चौघांनी उचललं. मी डोकं आणि नळी धरली होती. तीन पावलं. त्या तीन पावलांत मी फक्त नळीकडे बघत होते. दुसऱ्या टेबलावर ठेवल्यावर मान वर केली तर ती पाठीवर झोपली होती. जन्मापासून तिला असं पाठीवर, सरळ, कुणी पाहिलंच नव्हतं.

नऊ तासांनी दोघी बाहेर आल्या. लालच्या पोटाच्या भिंतीत जाळी घालावी लागली. हिरवीला कातडी पुरली होती, पण पोट घट्ट बसलं होतं, आणि त्या घट्टपणानेच पहिल्या रात्री आम्हाला घाबरवलं. आतला दाब वाढला की किडनीला रक्त कमी मिळतं आणि पहिली खूण लघवीत दिसते. तिची तासाला साडेसहा-सात मिली व्हायला हवी होती. बाराला 4 झाली. एकला 3. दोनला 2. मी पोटाचा घेर मोजला, एक सेंटिमीटरने वाढला होता. व्हेंटिलेटरचा दाबही चढत होता. सर आले, मूत्राशयातला दाब मोजला, स्नायू सैल करणारं औषध वाढवलं, आणि ओटीला तयार राहायला सांगितलं. गरज पडली तर टाके सोडून पोट उघडं ठेवायचं. तीनला 2. मी कॅथेटरची नळी कुठे मुडपली नाही ना, हे कितव्यांदा तरी बोट फिरवून पाहिलं. चारला 3. पाचला 5. सहाला मी लघवी मोजायच्या बॅरलमधलं माप डोळ्यांच्या रेषेत आणून दोनदा वाचलं. 7 मिली. मी ते लिहिलं आणि शेजारच्या क्युबिकलमध्ये लालजवळ असलेल्या सिस्टरला हात वर करून सात बोटं दाखवली.

लालला चौथ्या दिवशी ड्रेनमधून, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीतून, पित्त यायला लागलं. नऊ दिवस रोज मोजलं, रंग लिहिला, ते आपोआप आटलं. व्हेंटिलेटर तिचा तिसऱ्या दिवशी निघाला, हिरवीचा पाचव्या.

खरे हाल त्यानंतर झाले. हिरवी जागी झाली आणि पाठीवर झोपेना. दचकायची, हात पुढे करून हवेत काहीतरी धरायला बघायची. तिथे रोज एक चेहरा असायचा. दुखण्याचं औषध देऊनही रडं थांबेना. आई काचेपलीकडे, "माझ्या पोरी एकमेकीबिगर निजत न्हाइत ओ सिस्टर." आम्ही धुतलेल्या मऊ चादरीची गुंडाळी तिच्या छातीशी लावली, टाक्यांना धक्का न लागेल अशी. लालच्या डोक्याखालचं दुपटं आणून तिच्या गालाशी ठेवलं. रात्रीत पहिल्यांदा ती सलग दोन तास झोपली. दोन्ही कॉट शेजारी आणून कठडे एकाला एक लावले. नवव्या दिवशी इन्फेक्शनचे रिपोर्ट बघून सरांनी दोघींना थोडा वेळ एका कॉटवर ठेवायला परवानगी दिली. लालने हिरवीकडे बराच वेळ पाहिलं, हात लांब केला आणि तिची रायल्स ट्यूब सर्रकन ओढून काढली. आई पदर तोंडावर घेऊन रडत होती आणि हसतही होती. मी नवी ट्यूब घातली आणि त्या दोघींना तशाच राहू दिल्या.

एकटं मूल उचलायची आईला सवय नव्हती. मी लालला तिच्या हातात दिलं तर तिने ते छातीपासून वीतभर लांब धरलं, मध्ये दुसरीची जागा सोडून. "जवळ घे की," मी म्हटलं. तिला कळेना काय चुकतंय. मी तिचा कोपर धरून आत दाबला.

बाराव्या दिवशी आम्ही वजनं केली. काट्यावर कापड टाकून शून्य केलं, लालला ठेवलं: 7 किलो 100. हिरवी: 5 किलो 700. ऑपरेशनच्या आधी दोघींचं मिळून 13 किलो 200 होतं, म्हणजे आम्ही प्रत्येकी 6 किलो 600 धरत होतो. रात्री घरी जाऊन मी वहीवर हिशेब केला. तापाचं पॅरासिटामॉल आम्ही दोघींना 100 मिलिग्रॅम देत होतो. हिरवीला 85 पुरे होतं, लालला 106 लागत होतं. त्याने काही बिघडलं नव्हतं, आणि दोघींचं रक्त थोडंफार मिसळत असल्याने फरक कमीही झाला असेल. तरी मला ती आकडेमोड सोडवेना. हिरवी लहान आहे हे माझ्या डोळ्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

पाच आठवड्यांनी त्या घरी गेल्या. दोन केस पेपर, दोन डिस्चार्ज कार्डं. मनगटावरच्या पट्ट्या मी कात्रीने कापल्या, आधी लालची, ती पूर्ण झाल्यावर हिरवीची. हात आपोआप तसेच चालले.

लालच्या पोटाला पुढे हर्निया निघाला, त्याचं ऑपरेशन तीन वर्षांची झाल्यावर झालं. लिव्हर दोघींचं छान वाढलंय. आईचा अधूनमधून फोन येतो. मागच्या पावसाळ्यात दोघींना ताप होता, गावातल्या डॉक्टरने औषध दिलं होतं, किती मिली द्यायचं ते तिला पुन्हा विचारून खात्री करायची होती. मी विचारलं, वजन किती? तिने आधी एकीचं सांगितलं, नाव घेऊन. मग दुसरीचं. मी वहीत दोन ओळींवर लिहून घेतलं.